कराड ते चिपळूण सायकलवर: चढ मोजू नका, नदी वाचा

(हा एपिसोडचा लेखी मजकूर आहे. ज्यांना बसमध्ये, ऑफिसात ऐकता येत नाही त्यांच्यासाठी. बोलण्याचा बाज तसाच ठेवलाय, फक्त अडखळणं काढून टाकलंय.)

पावसाळा आला की आपल्या इनबॉक्समध्ये एकच प्रश्न पन्नास वेळा येतो: "दादा, धबधबे बघत सायकलवर जायचंय, दोन दिवसांचा रूट सांगा ना." आज तो रूट सांगणार आहे. पण त्याआधी तो कसा वाचायचा ते सांगणार आहे, कारण मी स्वतः तो चुकीचा वाचला होता आणि त्याची किंमत माझ्या मामेभावाने मोजली.

मी दिवसभर कोड लिहिणारा माणूस. बीटेक, मग नोकरी, मग पाठदुखी, मग सायकल. क्रम तोच, जो तुमच्यातल्या अनेकांचा असेल. टूरवर जायचं म्हटलं की मी आधी लॅपटॉप उघडतो, नकाशावर रेघ ओढतो, ॲप मला अंतर आणि एकूण चढ सांगतं, आणि त्यावरून मी ठरवतो की जमेल की नाही. मागच्या वर्षी जुलैत अशीच रेघ ओढली: कराड, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण. साधारण शंभर किलोमीटर, दोन दिवस. ॲपने सांगितलं, चढ कमी, रूट सोपा. मी मामेभावाला फोन केला. तो एकवीस वर्षांचा, इंजिनिअरिंगला, त्याची पहिलीच टूर. म्हटलं, "चल रे, सगळा सपाट रस्ता आहे, शेवटी तर नुसता उतारच."

शेवटी नुसता उतारच. हे वाक्य लक्षात ठेवा.

सपाट रस्ता आला कुठून?

आधी भूगोल. कंटाळू नका, इथेच सगळी गोम आहे.

क्षेत्र महाबळेश्वरचं पंचगंगा मंदिर तुम्ही पाहिलं असेल. कृष्णा, कोयना, वेण्णा, गायत्री, सावित्री अशा पाच नद्या तिथून निघतात असं मानतात. त्यातली सावित्री पश्चिमेला कोकणात उतरते आणि बाणकोटच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळते. समुद्र सरळ रेषेत शंभर किलोमीटरही लांब नाही. कृष्णा मात्र पूर्वेला वळते आणि महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगणा, आंध्र असं करत जवळजवळ १४०० किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला जाते. निघाल्या एकाच डोंगरावरून, उंची तीच. एकीने ती शंभर-सव्वाशे किलोमीटरांत संपवली, दुसरीने चौदाशे किलोमीटरांत. म्हणजे सह्याद्रीच्या पूर्वेच्या नद्या सावकाश उतरतात आणि पश्चिमेच्या धाडकन.

कोयना ही त्यातली थोडी विचित्र मुलगी. महाबळेश्वरहून निघून ती पूर्वेला जातच नाही. सह्याद्रीला समांतर, दक्षिणेकडे साधारण ६५ किलोमीटर वाहत येते आणि हेळवाकजवळ एकदम काटकोनात पूर्वेला वळते. मग पाटणवरून कराडला, आणि कराडला कृष्णेच्या अगदी समोरासमोर येऊन तिला मिळते. तोच प्रीतिसंगम. यशवंतराव चव्हाणांची समाधी तिथेच आहे.

आता सायकलवाल्यासाठी याचा अर्थ काय? कराड समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर. तिथून कोयनानगरपर्यंत पंचावन्न-एक किलोमीटर रस्ता कोयनेच्या खोऱ्यातून जातो. नदी इतकी हळू उतरते की तिच्या उलट दिशेने जाताना आपल्याला चढ जाणवतच नाही. कोयनानगरचा शेवटचा चढ सोडला, तर मध्ये नुसते चढउतार, दम काढणारं काही नाही. डावी-उजवीकडे उसाचे आणि भाताचे पट्टे, मागे डोंगर, कुठेतरी आख्खा मसूर मिळणारा ढाबा. पहिला दिवस आमचा असा मजेत गेला. त्रास एकच, वाऱ्याचा. पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून, पश्चिमेकडून येतो आणि आम्ही बरोबर त्याच्या तोंडात चाललो होतो. पाटणच्या पुढे मामेभाऊ म्हणाला, "दादा, हा सपाट रस्ता उलटा ढकलतोय मला." तेव्हा हसलो. वारा आम्हाला काहीतरी सांगत होता, ते नंतर कळलं.

धबधबा म्हणजे तुटलेली पायरी

कोयनानगरला रात्री राहिलो, सकाळी नवजाला गेलो. शिवसागर जलाशयाच्या कडेकडेने दहा-एक किलोमीटर. नवजा म्हणजे राज्यातल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांपैकी एक. बहुतेक वर्षी पाच हजार मिलिमीटरच्या पुढे. तिकडे पूर्वेला कराडला हजाराच्याही बऱ्याच खाली. मधलं अंतर सायकलवर अर्ध्या-पाऊण दिवसाचं! ढग पश्चिमेकडून येतात, सह्याद्रीला धडकतात, वर चढताना थंड होतात आणि तिथेच रिकामे होतात. पलीकडे जे पोचतं ते उरलंसुरलं.

नवजाला ओझर्डे धबधबा आहे. थोडं पायी चढून जावं लागतं. हा भाग कोयना अभयारण्याचा, सह्याद्री व्याघ्र प्रकल्पातला, त्यामुळे वनविभाग सांगेल ते नियम. पाऊस जास्त असला की बंद ठेवतात, तेव्हा हुज्जत घालू नका. आम्हाला दिसला, आणि खरं सांगतो, फोन खिशातच राहिला. एवढा आवाज, एवढे तुषार की लेन्स पुसण्यातच जीव गेला असता.

हे धबधबे असे सरळसोट का पडतात? आपला सगळा सह्याद्री लाव्हाच्या थरांनी बनलाय. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक थर साचत गेले, काही टणक, काही त्यामानाने मऊ. मऊ थर लवकर झिजतो, वरचा टणक थर छज्जासारखा पुढे राहतो आणि शेवटी तुटतो. म्हणून आपले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. 'डेक्कन ट्रॅप' या नावातला ट्रॅप शब्दसुद्धा पायरीसाठीच्या स्वीडिश शब्दावरून आलाय. पाणी त्या पायरीच्या काठावर आलं की धबधबा होतो.

आणि रस्ता त्या पायरीच्या काठावर आला की? घाट होतो.

हे वाक्य मला त्या सकाळी सुचायला हवं होतं. ज्या भागात खूप धबधबे आहेत त्या भागात जमीन तुटलेली आहे. धबधब्यांचा रूट निवडला म्हणजे तुम्ही कडा ओलांडणारा रूट निवडला. ॲपमध्ये तो कडा 'उतार' म्हणून दिसतो आणि उताराला ॲप शून्य मार्क देतं.

पाण्याने जे केलं तेच आपण करतो

अजून एक गोष्ट सांगतो, मग अपघाताकडे येतो.

कोयना धरण १०३ मीटर उंच, साठा १०५ टीएमसी. पण या प्रकल्पाची खरी करामत वेगळीच आहे. पूर्वेला, बंगालच्या उपसागराकडे चाललेलं पाणी अडवलं आणि बोगद्यांतून सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला नेलं. तिथे ते पोफळीकडे पावणेपाचशे मीटरच्या आसपास खाली पडतं आणि टर्बाइन फिरवतं. एकूण क्षमता जवळजवळ दोन हजार मेगावॉट. मग ते पाणी कोळकेवाडीवरून वाशिष्ठी नदीत आणि चिपळूणवरून अरबी समुद्रात. वाशिष्ठीला उन्हाळ्यातही पाणी दिसतं ना, ते हे कोयनेचं.

थोडा हिशेब करू. तुमच्या गच्चीवर हजार लिटरची टाकी असेल. तेवढं पाणी या उंचीवरून पडलं की साधारण एक युनिट वीज मिळते.

आता तुमचा हिशेब. तुम्ही, सायकल, पॅनिअर मिळून पंचाण्णव किलो धरा. कुंभार्लीच्या माथ्यावरून घाटाच्या पायथ्यापर्यंत साडेचारशे मीटर उतरलात. वस्तुमान गुणिले गुरुत्व गुणिले उंची, अकरावीचं सूत्र. उत्तर येतं चारशे किलोज्यूलच्या पुढे. म्हणजे ५००० एमएएचचा फोन सहा वेळा फुल चार्ज होईल एवढी ऊर्जा. किंवा सव्वा लिटर पाण्याला उकळी, म्हणजे आठ-दहा कप चहाचं आधण.

कोयनेच्या पाण्याकडे ती ऊर्जा द्यायला टर्बाइन आहे. तुमच्याकडे काय आहे? वेगात गेलात तर थोडी हवा खाते. पण पावसात, वळणावळणाच्या घाटात वेगात जाणार नाही, जाऊही नये. मग उरलेलं सगळं आधण कुठे उकळतं? करंगळीएवढ्या चार रबराच्या तुकड्यांत. ब्रेक पॅडमध्ये.

चौथं वळण

नवजाहून परत येऊन दुपारी घाटमाथ्यावर चहा घेतला. पाऊस मध्यम. धुकं. माझ्या सायकलला डिस्क ब्रेक, त्याची सेकंडहँड हायब्रिड, साधे व्ही-ब्रेक. म्हणजे रबर थेट चाकाच्या रिमला घासतं. निघण्याआधी मी त्याचे टायर दाबून पाहिले, चेनला तेल लावलं, त्याचा फोन प्लास्टिकमध्ये गुंडाळून दिला. पॅड पाहिले नाहीत.

मी पुढे, तो मागे. पहिली दोन वळणं छान. तिसऱ्याला मागून ब्रेकचा किसकिस आवाज यायला लागला. तो घाबरून ब्रेक सोडतच नव्हता, सतत हलका दाबून धरला होता. ओल्या रिमवर पॅड आधी पाणी पुसतो, मग पकडतो, त्यामुळे पावसात रिम ब्रेकला थांबायला बरंच जास्त अंतर लागतं. त्यात रस्त्यावरची वाळू-माती रिमवर चिकटते आणि पॅडला कानशीसारखी खाते. आधीच झिजलेले पॅड त्या दोन-तीन किलोमीटरांत संपले.

चौथ्या वळणावर मागून आवाज आला, "दादा, लागत नाहीये! लागत नाहीये!"

तो माझ्या बाजूने पुढे गेला. ब्रेकची मूठ हँडलला टेकलेली मी पाहिली. समोरून वर चढणाऱ्या ट्रकचा हॉर्न ऐकू आला. त्याने जे केलं ते त्याला कुणी शिकवलं नव्हतं. त्याने सायकल दरीकडे जाऊ दिली नाही, समोर जाऊ दिली नाही, डोंगराच्या बाजूच्या गटारात घातली. सायकल तिथेच राहिली, तो पुढे दगडावर आदळला. ट्रक आमच्यापासून दहा-बारा फुटांवरून घरघरत वर गेला.

कॉलरबोन मोडलं. हेल्मेटला तडा. बाकी खरचटलं. एवढ्यावर निभावलं हे नशीब, त्यात माझी हुशारी शून्य.

खाली जाणारा एक टेम्पो थांबला. ड्रायव्हरकाकांनी दोन्ही सायकली मागे टाकल्या, याला पुढे बसवलं. वाटेत म्हणाले, "पोरांनो, घाटात ब्रेकावर गाडी उतरवत नाहीत. गिअरवर उतरवतात." बरोबर बोलत होते, पण गाडीचं. गाडी खालच्या गिअरमध्ये टाकली की इंजिन चाकाला मागे धरून ठेवतं. सायकलला ते सुख नाही. पेडल थांबवलं की फ्रीव्हील मोकळं सुटतं, गिअर कुठलाही असो. साधा ब्रेक असलेल्या सायकलला उतारावर धरणारे फक्त तुमचे दोन हात आणि ते चार रबरं. मी इंजिनिअर. हे मला माहीत होतं. एकवीस वर्षांच्या पोराला सांगायचं राहून गेलं होतं.

चिपळूणला एक्स-रे काढून झाल्यावर मामीचा फोन आला. मामी ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "अरे, तुझ्या भरवशावर पाठवलं होतं रे त्याला."

मी ॲपच्या भरवशावर नेलं होतं. हे तिला कसं सांगणार?

उलटी रेघ

हाड जुळायला दीड-दोन महिने लागले. तेवढ्या काळात मी तोच रूट पुन्हा पुन्हा उघडून बघायचो. आणि एक दिवस साधी गोष्ट डोक्यात आली: रेघ तीच ठेवायची, बाण उलटा करायचा. चिपळूणहून कराड.

उलट केलं की काय बदलतं बघा.

घाट आता चढायचा. ताशी सहा-सात किलोमीटरने. दम लागतो, मान्य. पण त्या वेगात ब्रेक फेल होऊन काय होणार? पाय टेकला की थांबलात. ॲप ओरडून सांगेल की चढ जास्त, अवघड. सांगू दे. चढ दमवतो. उतार पाडतो. दमलेल्या माणसाला बसता येतं.

दुसरं, वारा. पावसाळी वारा पश्चिमेकडून, म्हणजे आता पाठीवर. मागच्या वेळी जो आम्हाला पाटणच्या पुढे मागे ढकलत होता तोच आता कराडकडे ढकलणार.

तिसरं, घाट संपल्यावर पंचावन्न किलोमीटर कोयनेच्या प्रवाहाबरोबर, हलक्या उताराने. हा तो सावकाश उतार, जिथे ब्रेकवर काही भारच येत नाही. धाडकन असलेली बाजू चढायची, सावकाश असलेली बाजू उतरायची.

चौथं, धबधबे. घाट उतरताना डोळे रस्त्यावरून हलवता येत नाहीत, हलवू नयेत. चढताना प्रत्येक वळणावर थांबून बघता येतात. चिपळूणजवळ परशुराम घाटाच्या पायथ्याशी सवतसडा आहे, मुंबई-गोवा रस्त्यावरूनच दिसतो. तो आदल्या दिवशी बघून घ्यायचा, मग पोफळीमार्गे घाट.

यंदा सप्टेंबरमध्ये आम्ही तसेच गेलो. आधी मामीला विचारलं. तिने विचारलं, "ब्रेक बघितलास?" मी पॅडचा फोटो काढून पाठवला. हसू नका, खरंच पाठवला. पाऊस ओसरत आला होता, डोंगर अजून हिरवे, धबधबे बारीक पण चालू. घाट चढायला आम्हाला दोन तास लागले, त्यात चहाचे दोन थांबे. चौथ्या वळणापाशी तो स्वतःहून थांबला. त्या गटाराकडे बघितलं, पाण्याची बाटली काढली, म्हणाला, "एवढंच होतं होय? त्या दिवशी केवढं मोठं वाटलं होतं." मला ते त्या दिवशी वाटलं होतं त्याहून मोठं वाटलं. पण बोललो नाही.

दुसरे रूट असेच वाचा

हे फक्त कोयनेचं नाही. दोन उदाहरणं देतो.

पुणे, पौड, मुळशी, ताम्हिणी, माणगाव. सगळ्यांचा लाडका. मुळेच्या खोऱ्यातून वर, जलाशयाच्या कडेने, मग ताम्हिणीतून खाली कोकणात. तोच नमुना! इथेही मुळशीचं पाणी डोंगरातून पश्चिमेला भिऱ्याच्या वीजघरात पाडलं जातं आणि कुंडलिकेत सोडलं जातं. कोलाडला तुम्ही राफ्टिंग केलं असेल तर त्याच पाण्यावर. जिथे पाणी पाडून वीज काढतात तिथे मोठा उतार असणारच, ही खूण लक्षात ठेवा. पावसाळी शनिवार-रविवारी ताम्हिणीत गाड्यांची रांग असते, ब्रेकचा प्रश्न त्यात आणखी वाढतो. जायचंच तर आठवड्याच्या मधल्या दिवशी, आणि जमलं तर माणगावकडून वर.

दुसरं, भंडारदरा. शेंडी, मुरशेत, घाटघर, साम्रद, रतनवाडी आणि परत शेंडी, अशी जलाशयाला फेरी. ही फेरी कड्याच्या वरच राहते. घाटघरला तुम्ही कड्याच्या टोकाशी जाऊन खाली कोकण बघता आणि मागे फिरता. छोटे चढउतार भरपूर, पण एका दमात चारशे-पाचशे मीटरचा उतार नाही. प्रवरेवरचा रंधा धबधबाही याच भागात. ज्याची पहिलीच टूर आहे त्याला मी आता इथे नेतो. मामेभावालाही आधी इथेच न्यायला हवं होतं.

निघण्याआधी पाच गोष्टी

एक. रूटचा आलेख उघडा आणि एकूण चढ बघायच्या आधी सगळ्यात मोठा सलग उतार शोधा. तो किती मीटरचा, किती किलोमीटरांत. शंभर मीटरला चार-पाच मीटर असा उतार दहा किलोमीटर चालला, तर तो रूट सोपा नाही, ॲप काहीही म्हणो.

दोन. पॅड बघा. रिम ब्रेकच्या पॅडवर खाचा असतात. खाचा दिसेनाशा झाल्या की पॅड संपला. नवीन जोडी स्वस्त मिळते, एक जोडी आणि बसवायची ॲलन-की बॅगेत ठेवा. डिस्कवाल्यांनीही मिजास करू नका, चिखलात त्यांचे पॅडही वेगाने झिजतात.

तीन. उतरायचंच असेल तर ब्रेक सतत घासत ठेवू नका. वेग वाढला की दोन्ही ब्रेक एकत्र, नीट दाबा, वेग कमी करा, सोडा. वळणाच्या आधी कमी करा, वळणात नाही. ओल्या रिमला अधूनमधून हलकं पुसून घ्या, म्हणजे गरज पडेल तेव्हा पकड तयार असेल. दर दोन-तीन किलोमीटरला मोकळ्या, रुंद जागी थांबा. हाताला आणि ब्रेकला दोघांनाही आराम.

चार. हवामान खात्याचा इशारा बघा, आणि ऑरेंज किंवा रेड असेल तर टूर रद्द. चर्चा नाही. २०२१ च्या जुलैत महाबळेश्वरला एका दिवसात सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला. त्याच दिवसांत चिपळूण वाशिष्ठीच्या पुरात बुडालं आणि पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगावला दरडी कोसळून माणसं गेली. आपण ज्या रस्त्यावर रील काढायला जातो, त्याच रस्त्यावर ती गावं राहतात. अशा दिवशी आपण तिथे अडकलो तर मदतीला आलेल्या माणसांचा वेळ आपण खातो. कोयनेतून पाणी सोडणार असल्याची बातमी असेल तर नदीकाठचे खालचे पूल टाळा. आणि रस्त्यावरून पाणी वाहत असेल, अगदी गुडघ्याच्या खाली, तरी सायकल घालू नका. खालचा रस्ता शिल्लक आहे की नाही हे वरून दिसत नाही.

पाच. नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवा, घाटात नेटवर्क येतं-जातं. घरच्या एका माणसाला रूट, मुक्काम आणि पोचायची वेळ लिहून पाठवा. आणि नवख्या माणसाला नेत असाल तर उतारावर तो पुढे, तुम्ही मागे. म्हणजे तुमच्या वेगाशी बरोबरी करायला तो जात नाही, आणि त्याचं काही बिनसलं तर तुमच्या डोळ्यांसमोर असतो. त्या दिवशी मी पुढे होतो.

तर मंडळी, नकाशावर रेघ ओढण्याआधी नदी शोधा. ती कुठून निघते, कुठे रमते, कुठे धाडकन पडते. ती रमते तिथे उतरा, ती पडते तिथे चढा. एवढं जमलं तर बाकी पंक्चर काढता येतंच.

तुमच्या भागातला असा नदीकाठचा रूट असेल तर व्हॉइस नोट पाठवा, कुठल्या बाजूने गेलात आणि का, तेही सांगा. पुढच्या एपिसोडमध्ये ऐकवू. आणि हो, आता लगेच खाली पार्किंगमध्ये जा आणि ब्रेकचे पॅड बघून या. एपिसोड पॉज करा, चालेल.

भेटू पुढच्या वेळी. सावकाश उतरा!